दिवाळीच्या सुट्टीत कुन्नूर: पाऊस, टॉय ट्रेन आणि चहा

पर्वतीकर:
दिवाळी संपल्यावर लगेच चार रात्रींसाठी निलगिरीत जायचं ठरतंय. सहा जण आहोत: आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, आई-बाबा (दोघेही सत्तरीच्या पुढे, आईचा गुडघा दुखरा) आणि धाकटा भाऊ. उटीची गर्दी नको, म्हणून मुक्काम कुन्नूरला करायचा विचार आहे. नोव्हेंबरात पाऊस संपून सगळं हिरवंगार असेल आणि धबधबेही वाहत असतील, असा हिशोब आहे.

प्रश्न असे:
१. मेट्टुपालयमची टॉय ट्रेन मिळवायची कशी, आणि ज्येष्ठांना ती झेपेल का?
२. चहाचा कारखाना आतून बघता येतो का? येताना चहा आणायचा तर कुठला?
३. भाऊ म्हणतो पुण्याहून गाडीनेच जाऊ. करावं का?
४. चार रात्रींत उटी, कुन्नूर, कोटगिरी तिन्ही होतील का?

घाटमाथा:
प्रश्नांच्या आधी हिशोबाचं बघू, कारण तो चुकतोय. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस परततो, दिवाळीत आभाळ मोकळं असतं. कुन्नूरला नेमकं उलटं आहे. तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि नोव्हेंबर हा त्याचा भर महिना.

कारण भूगोलात आहे. कुन्नूर निलगिरीच्या आग्नेय कडेला, साधारण १,८५० मीटरवर, कोइंबतूरच्या मैदानाकडे तोंड करून बसलंय. जून-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावरून येणारा पाऊस कुंदा आणि अवलांचीच्या पश्चिम डोंगरांवर बरसतो, कुन्नूरपर्यंत येईतो भुरभूर उरते. ऑक्टोबरनंतर वारं बंगालच्या उपसागरावरून फिरतं आणि ते थेट कुन्नूर-कोटगिरीच्या उतारावर आदळतं. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस सलग झोडपतो, मग तीन-चार दिवस स्वच्छ ऊन. नोव्हेंबर २००९ मध्ये केट्टी-कुन्नूर भागात दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसं गेली होती, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका.

याचा अर्थ जाऊच नका असा नाही. कोरडे दिवस मिळाले तर नोव्हेंबरसारखी स्वच्छ हवा वर्षभरात क्वचित मिळते. पण बेत ताणून बसवू नका. हवामान खात्याच्या चेन्नई केंद्राचा जिल्हावार इशारा निघण्याच्या चार दिवस आधीपासून रोज बघा. यादीत ‘निलगिरी’ स्वतंत्र जिल्हा आहे. पिवळा इशारा असला तर छत्री घ्या आणि चला. नारिंगी असेल तर घाटातला प्रवास दुपारच्या आत उरका, कारण तिथला मोठा पाऊस बहुधा दुपारनंतर आणि रात्री येतो. लाल असेल तर कोइंबतूरलाच थांबा. अशा दिवशी प्रशासन बागा आणि व्ह्यू पॉइंट बंद ठेवतं, वर जाऊन खोलीतच बसावं लागेल.

सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर नाताळानंतरचा जानेवारी सगळ्यात उत्तम. उटीला पहाटे हिमकण पडतात, कुन्नूर तेवढं गारठत नाही, आणि आभाळ निळंशार.

मीटरगेज:
टॉय ट्रेनबद्दल.

मेट्टुपालयम ते उदगमंडलम (म्हणजे उटी) ४६ किमी. खाली सव्वातीनशे मीटर, वर २,२०० मीटर. सकाळी ७:१० ला सुटते, साडेदहाच्या सुमारास कुन्नूर, दुपारी बाराच्या आसपास उटी. परतीची उटीहून दुपारी २ ला. वेळा थोड्या बदलतात, तिकिटावरच्या धरा. आरक्षण नेहमीच्या रेल्वे संकेतस्थळावर, साठ दिवस आधी उघडतं. स्थानकांचे कोड: मेट्टुपालयम एमटीपी, कुन्नूर ओएनआर, उटी यूएएम. दिवाळीच्या आठवड्यातली तिकिटं सकाळी आठला उघडली की काही मिनिटांत संपतात, आणि सहा जणांना एकत्र जागा म्हणजे आणखी कठीण. तीन-तीनची दोन तिकिटं काढा.

यंत्रणा समजली तर प्रवासाची मजा वाढते, मुलीला सांगायलाही बरं. कल्लार स्थानकानंतर चढ १२ ला १ (बारा मीटरला एक मीटर वर) इतका उभा होतो. एवढ्या चढावर गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक नुसतं घसरेल. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांच्या दोन पट्ट्या बसवल्या आहेत, एकीचा दात दुसरीच्या खाचेसमोर येईल अशा. इंजिनाखालची दातेरी चाकं त्यात अडकतात आणि कुठल्याही क्षणी एक तरी दात पूर्ण रुतलेला असतो. इंजिनाला सिलिंडरचे दोन संच: एक साध्या चाकांना, दुसरा दातेरी चाकांना. चढताना इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे पहिल्या डब्यासमोर मोकळा रूळ दिसतो. प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा स्वतंत्र माणूस असतो. या टप्प्यात वेग ताशी १३ किमीच्या आसपास. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, उटीपर्यंतचा १९०८ मध्ये. दातेरी पट्टी कुन्नूरलाच संपते, पुढे डिझेल इंजिन लागतं. म्हणजे खरा ऐवज मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढाच. तुमचा मुक्काम कुन्नूरला आहे तर तिथेच उतरा, काही चुकलं असं होत नाही.

ज्येष्ठांसाठी अडचणी तीन. डब्यात स्वच्छतागृह नाही. इंजिन पाणी भरायला मधल्या स्थानकांवर थांबतं, हिलग्रोव्हला दहा मिनिटं मिळतात, तिथे सोय आहे. तिथे माकडंही आहेत, खाऊ हातात घेऊन उतरू नका. दुसरी गोष्ट, बाकं समोरासमोर आणि अरुंद, गुडघ्याला गुडघा लागतो. साडेतीन तास दुखरा गुडघा वाकवून बसणं आईंना जड जाईल, त्यांच्यासाठी पहिल्या वर्गाचं बघा. तिसरी, मोठ्या बॅगांना जागाच नाही. सामान टॅक्सीने वर पाठवा. भाऊ सोबत जाईल, आणि कुणाला मध्येच नको वाटलं तर गाडी वर हजर असेल.

आता नोव्हेंबर. या घाटात रुळावर दरड येणं दर ईशान्य पावसात ठरलेलं आहे आणि गाडी एक दिवस ते कित्येक दिवस रद्द होते. रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात, पण दिवस जातो. म्हणून पर्याय आधीच ठरवा. मेट्टुपालयम बसस्थानकातून कुन्नूरच्या सरकारी बस सतत सुटतात, दीड तास लागतो.

आणि एक सोपा मार्ग: कुन्नूर-उटी दरम्यान दिवसातून काही फेऱ्या स्वतंत्र धावतात. वाफेचं इंजिन नाही, दातेरी पट्टी नाही, पण केट्टीचं खोरं आणि लव्हडेलची वळणं याच टप्प्यात आहेत. प्रवास सव्वा तासाच्या आसपास, तेवढा आईंनाही झेपेल.

पर्वतीकर:
दोघांचे आभार. ईशान्य पावसाचं डोक्यातच आलं नव्हतं. सुट्ट्या मंजूर झाल्यात, त्यामुळे तारखा बदलणं कठीण. कुर्ला-कोइंबतूर एक्सप्रेसने गेलो तर त्याच सकाळी टॉय ट्रेन धरता येईल का?

मीटरगेज:
नाही. ती पुण्याहून दोन रात्रींचा प्रवास करून सकाळी कोइंबतूरला पोचते, तोवर ७:१० ची गेलेली असते. टॉय ट्रेन चेन्नईहून पहाटे मेट्टुपालयमला येणाऱ्या निलगिरी एक्सप्रेसला जुळवलेली आहे, तिकिटांची निम्मी चढाओढ तिथूनच येते. तुम्ही एक रात्र मेट्टुपालयमला काढा. गाव साधं आहे, उकाडा असतो, पण स्थानकाजवळ राहिलात तर सकाळी पावणेसातला निघून चालेल. विमानाने जाणार असाल तर मुंबईहून कोइंबतूरला थेट विमानं आहेत, तिथून मेट्टुपालयम साधारण ४० किमी.

दोन_पानं_एक_कळी:
चहाचं मी सांगते.

पहिल्यांदा एक अपेक्षा दुरुस्त करा. पाठीवर टोपली घेऊन बोटांनी दोन पानं आणि कळी खुडणाऱ्या बाया प्रत्येक मळ्यात दिसणार नाहीत. मजूर मिळत नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी पिशवी लावलेल्या कात्रीने किंवा यंत्राने तोडणी होते. कुठे अख्खा उतार तपकिरी काटक्यांचा दिसला तर मळा मेला असं समजू नका. दर चार-पाच वर्षांनी झुडपं अशी खाली छाटतात, नाहीतर त्यांची झाडं होतील. मध्ये उभे असलेले उंच, रुपेरी पानांचे वृक्ष म्हणजे सिल्व्हर ओक, सावलीसाठी लावलेले. ते मूळचे ऑस्ट्रेलियातले.

मळे खासगी असतात. रस्त्याकडेला फोटो काढा, ओळींमध्ये शिरू नका. फवारणी झालेली असू शकते, पावसात जळवा असतात, आणि ओळींमधली माती निसरडी. मजुरांचे फोटो विचारूनच काढा.

कारखाना बघता येतो. सिम्स पार्कजवळचा हायफील्ड सोयीचा आहे, उटीजवळ दोड्डबेट्टा रस्त्यावर चहाचं संग्रहालयही आहे. पण जाण्याआधी फोन करून एकच विचारा: आज यंत्रं चालू आहेत का? रविवारी तोडणी बंद असेल तर सोमवारी करायला पानच नसतं, आणि मग थंड यंत्रांसमोरून फिरवून थेट दुकानात नेतात. सकाळी नऊ ते अकरा वेळ चांगली.

आत काय बघायचं? ताजं पान जाळीच्या लांब हौदांवर पसरून खालून हवा सोडतात. बारा ते अठरा तासांत पान मलूल होतं. हा टप्पा घाईत उरकला तर पुढे पान पिळण्याऐवजी तुटतं आणि चहा कच्चट लागतो. इथून दोन वाटा फुटतात. सीटीसी पद्धतीत पान उलट्या वेगांनी फिरणाऱ्या दातेरी रोलरांमधून चिरडून, फाडून, गोळी करून निघतं. ऑर्थोडॉक्समध्ये ते मोठ्या तबकड्यांखाली हलकेच पिळलं जातं, पान बऱ्यापैकी अखंड राहतं. मग हवेशी संयोग होऊन हिरव्याचं तांबूस होतं. याच दालनात सफरचंदासारखा वास येतो, तिथे दोन मिनिटं थांबा. शेवटी गरम हवेने सुकवून ओलावा तीन टक्क्यांपर्यंत आणतात. नंतर चाळण्या, आणि त्यातून प्रतवारी.

खरेदी घरच्या चहाच्या सवयीवर ठरवा. आलं-दूध घालून उकळणार असाल तर सीटीसीच घ्या, त्यातही बारीक दाण्याची. रंग आणि कडकपणा लवकर उतरतो. महागडा ऑर्थोडॉक्स घेऊन तो दुधात उकळणं म्हणजे पैसे वाया, कारण निलगिरी चहाची ओळख त्याच्या हलक्या फुलासारख्या वासात आहे, आणि उकळीत पहिला तोच उडतो. ऑर्थोडॉक्स करायचा तो असा: १८० मिली पाण्याला सपाट चमचा, सुमारे दोन ग्रॅम पान. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, ओता, झाकून तीन मिनिटं. दूध नको. पाच मिनिटं ठेवलात तर तुरट होईल.

‘फ्रॉस्ट टी’ नावाने मिळतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडलेल्या पानाचा. थंडीत झुडूप हळू वाढतं, त्यामुळे वास दाट उतरतो. नोव्हेंबरात दुकानात असेल तो मागच्या हिवाळ्याचा. पाकिटावरची तारीख वाचा, कवडीमोल सवलतीत का मिळतोय ते तिथेच कळेल. चॉकलेट चहा, स्ट्रॉबेरी चहा हे वरून मारलेले वास आहेत, मुलांना आवडतात, माझं मत विचाराल तर नको. लहान शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यांचा महासंघ ‘इंडकोसर्व’ कुन्नूरचाच आहे, १९६५ पासूनचा. त्यांच्या दुकानातला रोजचा चहा भावाला रास्त असतो. घरी आणल्यावर डबा घट्ट झाकणाचा हवा आणि मसाल्यांपासून लांब. हिंगाच्या शेजारी ठेवलेला चहा आठवड्यात हिंगाचा होतो.

स्टिअरिंग:
गाडीने जाण्याचं उत्तर: चार रात्रींसाठी नको. पुण्याहून हुबळी-दावणगेरे-चित्रदुर्गमार्गे म्हैसूर, मग बांदीपूर-मुदुमलै-गुडलूर-उटी. सत्तरीतली माणसं गाडीत असताना जाताना दोन आणि येताना दोन दिवस त्यातच जातील. सुट्टी आठ-नऊ दिवसांची असेल तरच.

तरीही न्यायचीच असेल किंवा कोइंबतूरहून भाड्याने घेणार असाल, तर हे लक्षात घ्या.

ई-पास: निलगिरीत बाहेरच्या प्रत्येक गाडीला लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून सुरू झाला. फुकट आहे, तमिळनाडू सरकारच्या ई-पास संकेतस्थळावर गाडीचा नंबर, तारखा आणि मुक्कामाचा पत्ता भरला की क्यूआर कोड मिळतो. पैसे मागणारी पानं बनावट समजा. निलगिरीत नोंदलेल्या टीएन ४३ गाड्यांना तो लागत नाही, सरकारी बस आणि रेल्वेच्या प्रवाशांनाही नाही. टॅक्सी कोइंबतूरची असेल तर पास चालकाने काढलाय का ते आदल्या रात्री विचारा, नाक्यावर नको. २०२५ च्या उन्हाळ्यात दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांची मर्यादा घातली होती.

प्लास्टिक: जिल्ह्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, त्यात पाण्याच्या आणि शीतपेयांच्या छोट्या बाटल्याही आल्या. नाक्यांवर गाड्या तपासतात, दंड होतो. फराळ स्टीलच्या डब्यात, पाणी स्टीलच्या बाटलीत. पाणी भरायची यंत्रं जागोजागी आहेत.

बांदीपूर-मुदुमलैचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. म्हैसूरहून दुपारी तीननंतर निघू नका. नकाशा मसिनगुडीमार्गे छोटा रस्ता दाखवेल: कल्हट्टी घाट, ३६ वळणं, भयंकर तीव्र. बाहेरच्या गाड्यांना उतरायला बंदी आहे, आणि चढतानाही भरलेल्या गाडीचं इंजिन तापतं. गुडलूरकडूनच या.

उतरताना दुसऱ्या गिअरवर, एक्सिलरेटर सोडून इंजिनानेच वेग आवरत उतरा. कुन्नूर घाटात १४ हेअरपिन वळणं आहेत. ब्रेक दाबून धरत आलात तर निम्म्या वाटेत जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. तसं झालं तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली तबकडी वाकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

घाटमाथा:
चार रात्रींचं गणित: पहिली मेट्टुपालयम, उरलेल्या तीन कुन्नूर. उटीला मुक्काम नको, छोट्या गाडीने जाऊन दुपारी परत या. कोटगिरी उतरताना करा. मेट्टुपालयमला जायला कुन्नूर आणि कोटगिरी असे दोन घाट आहेत, एक दरडीने बंद पडला तर दुसरा बहुधा चालू असतो. शेवटच्या दिवशी कुन्नूर-कोटगिरी-मेट्टुपालयम असं उतरा. आभाळ मोकळं असेल तर कोडनाड पॉइंट करा, खाली मोयार नदीचं खोरं दिसतं. कोइंबतूरहून संध्याकाळचं विमान किंवा गाडी असेल तर कुन्नूर सहा-सात तास आधी सोडा.

हॉटेल अप्पर कुन्नूरला घ्या, सिम्स पार्क-बेडफर्डच्या बाजूला. स्थानक आणि बाजार खालच्या भागात, तिथे दिवसभर बसचे भोंगे. मधला चढ चालण्यासारखा नाही, रिक्षा कराव्या लागतात, भाडं आधी ठरवा. बुक करताना खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचाराच, कारण डोंगरउतारावरच्या बंगल्यांत वाहनतळ वर आणि खोल्या खाली असतात. आईंच्या गुडघ्याला तेच नडेल. सिम्स पार्क १८७४ चं, सुंदर आहे, पण बाग उतरती आहे. वरच्या प्रवेशद्वाराजवळचा भाग बघून तिथूनच परत फिरावं.

लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज एकाच रस्त्यावर आहेत. डॉल्फिन्स नोजला गाडी जवळपर्यंत जाते, समोर कॅथरीन धबधबा दिसतो. सकाळी लवकर जा, अकरानंतर दरीतून धुकं चढतं आणि पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. द्रूग किल्ला आई-बाबांना वगळून करा, शेवटचा टप्पा चालत आणि पावसात निसरडा.

दोन_पानं_एक_कळी:
गव्यांचं कुणी लिहिलं नाही. राधानगरीत गवा दिसावा म्हणून लोक दिवसभर हिंडतात, कुन्नूरला तो हॉटेलच्या फाटकात उभा असतो. मळ्यांत, रस्त्यावर, कधी बाजाराजवळही. सवयीने शांत दिसतो, पण वासरू सोबत असेल किंवा वाट अडली तर धावून येतो. निदान तीस मीटर लांब राहा, कळपाच्या मधून जाऊ नका, सेल्फीसाठी पाठ करू नका. गाडीसमोर आला तर भोंगा न वाजवता थांबा, त्याचं तो जातो. अंधार पडल्यावर मळ्यातल्या वाटेने चालणं नकोच, बिबटे आणि अस्वलंही आहेत. जेवून शतपावली करायची तर हॉटेलच्या आवारात.

पर्वतीकर:
ठरलं. गाडी रद्द, विमान मुंबईहून. टॉय ट्रेनला आम्ही चौघे, आई-बाबा सामानासकट टॅक्सीने, भाऊ त्यांच्यासोबत... म्हणजे ट्रेनला तिघेच उरतो. घाटात गाडी लागते आईला, काही उपाय?

स्टिअरिंग:
गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. आधी डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर विशेष. पुढची सीट त्यांना. पोटात थोडं असू द्या, इडली चालेल, डोसा-वडा नको. घाटातल्या बर्लियारला गाडी थांबवा, तिथे फळांची दुकानं आहेत, पाच मिनिटं पाय मोकळे होतील. आणि चालकाला सुरुवातीलाच सांगा की घाई नाही. तिथले चालक घाट रोज चढतात, वेग त्यांच्या अंगवळणी असतो, आपल्या पोटाच्या नाही.

मीटरगेज:
तिघेच असाल तर एकाच तिकिटावर काढा. साठ दिवसांचा हिशोब प्रवासाचा दिवस सोडून करायचा. प्रतीक्षायादी लागली तर या गाडीत पुढे सरकायची आशा कमी, डबे मोजकेच आहेत. तसं झालं तर परतीच्या दिवसाचं कुन्नूर-मेट्टुपालयम बघा. उतरताना वेळ कमी लागतो आणि रूळ तोच आहे. फक्त ती मेट्टुपालयमला साडेपाचच्या सुमारास पोचते, म्हणून त्या रात्रीचं विमान घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळचं घ्या. कोटगिरीचा रस्ता मात्र मग सोडावा लागेल.